बाणाईची कथा : जागरणाकडून दूरचित्रवाणीकडे

राजाने वेषांतर करून सामान्य घरी चाकरीस राहावे, कसोटीला उतरावे आणि त्या घरची मुलगी वरावी, हा लोककथेतील एक जुना कथाबंध. मराठीत त्याचे समर्थ रूप खंडोबा-बाणाईच्या उपासनाकथेत आढळते. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षांचा वनवास पत्करून चंदनपुरीस जातो, म्हाताऱ्या गड्याच्या वेषात धनगराची मेंढरे राखतो, ती मारून पुन्हा जिवंत करतो आणि मोबदल्यात बाणाईला मागतो. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’चा भर मणि-मल्लांच्या वधावर आहे; ही प्रणयकथा मुख्यतः धनगरी ओव्यांनी आणि वाघ्या-मुरळींच्या गीतांनी जतन केली.

परीकथा विवाहापाशी संपते. येथे मात्र विवाहापासून सवतींचा कलह सुरू होतो. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, बाणाई धनगराची. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी, तर बाणाईचे देऊळ चढणीच्या अर्ध्या वाटेवर. रा. चिं. ढेरे यांच्या ‘खंडोबा’ (१९६१) या ग्रंथापासून गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांच्या संशोधनापर्यंत या दैवताचे विविध समाजांशी असलेले नाते तपासले गेले आहे. त्या प्रकाशात पाहता, हा कलह केवळ विनोदाचे निमित्त ठरत नाही. एका देवावर हक्क सांगणाऱ्या दोन समाजांचा तो संवाद ठरतो.

ही कथा ‘कौटुंबिक’ झाली ती दूरचित्रवाणीमुळे, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. राजुरी ज्या जुन्नर तालुक्यात मोडते, तेथे वडज व धामणखेल ही खंडोबाची ठाणी आहेत. पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्यात खंडोबा कुलदैवत असलेल्या घरी लग्नानंतर जागरण घालण्याची रीत आहे. नवदांपत्य, वडीलधारी मंडळी आणि मुले एकत्र बसून देवाच्या दुसऱ्या लग्नाची कथा रात्रभर ऐकतात. श्रद्धा, शृंगार आणि थट्टा यांची तेथे फारकत नसते.

‘जय मल्हार’ (२०१४–२०१७) या झी मराठीवरील मालिकेने हीच कथा घरोघरी पोचविली. कोठारे व्हिजनच्या या निर्मितीत देवदत्त नागे, सुरभी हांडे आणि ईशा केसकर यांनी अनुक्रमे खंडोबा, म्हाळसा व बाणाई साकारल्या. मालिकेत श्रोतृवर्ग कौटुंबिकच राहिला. बदलला तो कथक. जागरणात बाणाईचे प्रेम गाणारी मुरळी परंपरेने स्वतःच देवाला वाहिलेली, म्हणजे देवाची पत्नी. मात्र म्हाळसेचा मान किंवा बाणाईचे देऊळ तिच्या वाट्याला आले नाही. देवाने मागणी घालून वरलेल्या स्त्रीची कथा अशा स्त्रीच्या तोंडून येई, जिच्या लग्नात तिची संमती कोणी विचारलीच नव्हती. या अंतरातून प्रयोगाला जो करुण अर्थ लाभे, तो अभिनेत्रींच्या संवादांत उतरणे शक्य नव्हते.

मुलींना देवाला वाहण्यास १९३४च्या मुंबई कायद्याने आणि पुढे महाराष्ट्राच्या २००५च्या अधिनियमाने बंदी घातली, ते न्याय्यच होते. तेव्हा मुरळी हरपल्याची हळहळ समीक्षेने करू नये. परंतु प्रथा संपली म्हणून तिचा आवाजही कथेच्या इतिहासातून पुसावा, असे ठरत नाही. प्रयोगरूप संहितेचे माध्यमांतर अभ्यासताना ‘काय गाळले’ याबरोबरच ‘कोण सांगत होते’ हा प्रश्न विचारावा लागेल. अन्यथा बाणाईची कथा उरेल आणि ती जिने जपली तिची कथा नाहीशी होईल.