भोक कुठे पाडायचे?

गॅलिलिओच्या 1638 सालच्या ग्रंथात भिंतीत रोवलेली एक तुळई आहे. टोकाला वजन टांगले की मुळाशी सगळ्यात जास्त ताण येतो आणि टोकाकडे तो कमी होत जातो. मग टोकाकडचे लाकूड उगाच कशाला बाळगायचे? तुळईची कड पॅराबोलाच्या वळणाने तासली, तर भार तेवढाच पेलतो आणि एक तृतीयांश लाकूड वाचते, हे त्याने भूमितीने दाखवले.

पण त्याने कड तासली. तुळईच्या पोटाला हात लावला नाही. पोट पोखरून किती वाचेल, याचा हिशेब मेलबर्नच्या ए. जी. एम. मिशेलने 1904 मध्ये मांडला, तोही अवघ्या नऊ पानांत. कमीत कमी साहित्याच्या चौकटीत ताण आणि दाब सोसणाऱ्या पट्ट्या एकमेकींना काटकोनातच छेदतात. आकृत्या देखण्या आहेत, पण पट्ट्या अगणित आणि केसाएवढ्या बारीक. असली चौकट कोणता लोहार घडवणार? निबंध जवळपास अर्धशतक पडून राहिला.

संगणक आल्यावर गणित वेगाने होऊ लागले, तरी विचार गॅलिलिओचाच. 1973 मध्ये झीनकीविच आणि कॅम्पबेल यांनी वस्तूचे लहान तुकडे पाडून ताण मोजणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या जाळीचे बिंदू सरकवून आकार सुधारला. कड कितीही सरकवा, नवे भोक काही पडत नाही.

खरी कलाटणी 1988 ची. डेन्मार्कचे बेंडसो आणि मिशिगनचे किकुची यांनी कडेचा नाद सोडला. सगळ्या जागेचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात साहित्य किती, एवढेच ठरवायचे. पुढच्याच वर्षी बेंडसोने सोपी युक्ती सुचवली: चौकोनाची घनता शून्य ते एक यांत काहीही चालेल, पण त्याचा ताठपणा घनतेच्या घाताने मोजायचा. घात सहसा तीन. म्हणजे अर्धे साहित्य घातले तर ताठपणा मिळतो एक अष्टमांश. हा सौदा इतका तोट्याचा, की चौकोन आपणहून पूर्ण भरतात किंवा रिकामे होतात.

संगणक लबाडही करतो. चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे होतात, कारण कोपऱ्याला कोपरा टेकलेली ही नक्षी हिशेबात प्रत्यक्षाहून ताठ दिसते. शेजारच्या चौकोनांची सरासरी घेऊन ओले सिग्मुंडने तिला आवर घातला. 2001 मध्ये त्याने हे सगळे 99 ओळींच्या मॅटलॅब प्रोग्रॅममध्ये बसवले. त्यातले उदाहरण 60 बाय 20 चौकोनांच्या तुळईचे, साहित्य निम्मे. सुरुवातीला सगळे सारखेच करडे. फेऱ्या होतात तशा तिरप्या पट्ट्या उमटतात आणि मधली जागा मोकळी होते. माझ्या मते या विषयाचा प्रसार जाडजूड ग्रंथांपेक्षा या 99 ओळींनी जास्त केला.

2017 मध्ये सिग्मुंडच्याच गटाने विमानाचा अख्खा पंख महासंगणकावर शंभर कोटींहून अधिक घनांत सोडवला. आतल्या फासळ्या वळणदार निघाल्या, पक्ष्याच्या चोचीतल्या हाडासारख्या. तसा पंख आजच्या कारखान्यात जसाच्या तसा बनत नाही. म्हणून साचा, कटाई किंवा थ्रीडी छपाई यांच्या मर्यादा आता गणितातच घालाव्या लागतात.