कसबा पेठेचे दर्शन आणि इतिहासाचा पुरावा

पुणे पाहावयास येणारा प्रवासी बहुधा शनिवारवाड्यापासून आरंभ करतो, तेथून काही मिनिटांत लालमहाल गाठतो, कसबा गणपतीचे दर्शन घेतो आणि कसबा पेठ पाहून झाली असे समजतो. प्रवाशाने असे समजावे यात वावगे काही नाही. परंतु पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन जो अध्यापक याच वाटेने निघतो, त्याला निराळ्या प्रश्नास तोंड द्यावे लागते. जे पाहिले त्यातील पुरावा कोणता आणि स्मारक कोणते, हा तो प्रश्न होय. कसब्यात या दोहोंची इतकी सरमिसळ झालेली आहे की, त्याचा निर्णय जागच्या जागीच करावा लागतो.

लालमहालाचेच उदाहरण घ्यावे. शिवाजी महाराजांचे या वाड्यातील वास्तव्य आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानावर घातलेला छापा, या दोन गोष्टींमुळे ही जागा महाराष्ट्राच्या इतिहासात अढळ झाली आहे. मात्र आज जी वास्तू उभी आहे ती पुणे महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधली. तिच्या भिंती, कमानी अथवा सज्जे यांवरून सतराव्या शतकातील गृहरचनेविषयी कोणतेही अनुमान काढता येणार नाही. असे असूनही खरे वाद झडले ते याच नव्या वास्तूभोवती. विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले व पुढे येथे सोन्याचा नांगर फिरवून वसाहत पुन्हा सुरू झाली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. त्या प्रसंगाचे शिल्प महालाच्या आवारात होते. त्यातील दादोजी कोंडदेव यांच्या आकृतीवरून मोठा वाद माजला आणि डिसेंबर २०१० मध्ये महानगरपालिकेने ती आकृती तेथून काढली. जो विद्यार्थी लालमहालाकडे सतराव्या शतकाचे साधन म्हणून पाहील तो फसेल. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणेकर आपला भूतकाळ कसा कल्पीत होते, याचे साधन म्हणून तो पाहील, तर त्याला पुष्कळ गवसेल.

शनिवारवाड्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे जे थोडे उरले आहे ते अस्सल आहे. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि तोवरचा खर्च १६,११० रुपये झाला, असे नमूद आहे. पुढील पेशव्यांनी त्यात वाढ केली. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. आज शिल्लक आहेत ते तट, बुरूज, पाच दरवाजे आणि १९१९ नंतरच्या खोदकामात उघडी पडलेली जोती. सागवानी खांब व मजले गेले, दगडाचे तेवढे राहिले. म्हणून वाडा मुळात किल्ल्यासारखाच रुक्ष असावा, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. जोत्यांच्या रेषा पायांनी मोजीत चालल्यास चौकांची मांडणी ध्यानी येऊ लागते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणरावाचा वध आणि पौर्णिमेच्या रात्रीची ती आरोळी, एवढेच ऐकण्यासाठी येणारे लोक या जोत्यांकडे पाहतदेखील नाहीत.

तथापि शनिवारवाडा म्हणजे कसबा नव्हे. तो कसब्याच्या कडेला, नंतर उभा राहिला. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठाणे. हे नाव धारण करणारी वस्ती पेशव्यांच्या आगमनापूर्वी कित्येक पिढ्या येथे नांदत होती. तिची साधने तिकीट काढून पाहण्याजोगी नाहीत. ती रस्त्यांच्या वळणांत व नावांत आहेत. कुंभारवेस हे नाव ऐकू येते, पण वेस दिसत नाही. फडके हौद चौक सर्वांना ठाऊक आहे, पण पाण्याने भरलेला हौद तेथे शोधूनही सापडणार नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. ज्या शहरात चौकांना हौदांची नावे पडली त्याच्या पाणीव्यवस्थेचा अभ्यास कागदपत्रांइतकाच या नावांवरूनही करता येतो. वेस गेली तरी तिचे नाव गावाची जुनी शीव दाखवीत राहते. असे नाव पाटीवरून पुसले गेले, तर मात्र ते पुन्हा खोदून काढण्याचा मार्ग नाही.

आणि मग तांबट आळी. प्रस्तुत लेखकास कसब्यातील अत्यंत महत्त्वाचे स्थळ हेच वाटते, यद्यपि येथे पाहण्याजोगी एकही भव्य इमारत नाही. आळीत शिरण्यापूर्वीच ठोक्यांचा नाद कानी येतो. तांब्याचा पत्रा तापवून, ठोकून त्याला आकार द्यावयाचा आणि मग सर्व अंगावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवावयाचे, या कामास मठारकाम म्हणतात. त्यामुळे भांड्यास केवळ शोभा येते असे नाही. ठोकल्याने पत्रा कठीण होतो व भांडे टिकाऊ बनते. हंडे, घंगाळी व बंब या मालावर ही आळी जगली. पुढे स्टेनलेस स्टीलने हंड्याची जागा घेतली आणि विजेच्या व वायूच्या शेगडीपुढे बंब मागे पडला. आता कारागीर शोभेच्या वस्तू, पेले, दिव्यांची झाकणे घडवितात. हात तोच आहे, गिऱ्हाईक बदलले. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्याने, वाडा पाडून सदनिका उभ्या राहिल्या म्हणजे भट्टीला व ऐरणीला जागा उरत नाही. पुरातत्त्वाचा कायदा तटाच्या दगडाला संरक्षण देतो. ठोक्याला संरक्षण कसे द्यावे हे त्यात सांगितलेले नाही. लालमहाल पुन्हा बांधता आला. ही विद्या एकदा तुटल्यावर महानगरपालिकेला ती पुन्हा बांधता येणार नाही.

२९ सप्टेंबर २०२४ पासून पेठेच्या खालून मेट्रोही धावू लागली असून कसबा पेठ या नावाचे भुयारी स्थानक झाले आहे. पाहुणे वाढतील, जमिनीचे मोलही वाढेल. यास्तव विद्यार्थ्यांनी नेहमीचा क्रम उलटा करावा, असे सुचवावेसे वाटते. सकाळी काम सुरू होण्याच्या वेळी तांबट आळीत जावे. अवजारांची नावे, ठोक्यांचे प्रकार आणि कोणते भांडे कोणी बनविणे थांबविले हे कारागिरांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. नंतर कुंभारवेशीकडून गल्ल्यांची वळणे नकाशावर उतरवीत कसबा गणपतीपर्यंत यावे. लालमहाल वाटेत लागेल. शनिवारवाडा सर्वांत शेवटी, उन्हे कलल्यावर पाहावा. त्या वेळी सावल्या लांबतात आणि जोत्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात.