नरक्या : सह्याद्रीतील कर्करोगविरोधी वृक्ष

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व कोयना आणि सांगलीच्या पश्चिम सीमेवरील चांदोली या परिसरातील जंगलांत नरक्या हा लहानसा वृक्ष आढळतो. 'नोथापोडायटिस निमोनियाना' हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील 'फीटिडा' हा शब्द त्याच्या दुर्गंधीचा निदर्शक आहे. काही ठिकाणी मात्र हाच वृक्ष 'अमृता' म्हणून ओळखला जातो.

या वृक्षाच्या साली, लाकूड व मुळांत कॅम्पटोथेसिन हे अल्कलॉइड असते. 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते एका चिनी वृक्षापासून प्रथम वेगळे केले. नरक्यातील त्याचे अस्तित्व 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले.

पेशीचे विभाजन होताना डीएनएच्या धाग्यांना पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-1 हे विकर एक धागा कापून पीळ सैल करते व तो पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमका हा सांधा रोखून धरते. तुटलेल्या डीएनएमुळे वेगाने विभाजित होणाऱ्या कर्कपेशी मरतात. मात्र अस्थिमज्जा व आतड्यातील निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते.

म्हणूनच प्रयोगशाळेतील यश म्हणजे औषध नव्हे. 1970 च्या दशकातील रुग्णांवरील चाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे सिद्ध झाली. त्यांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. पहिले प्रामुख्याने बीजांडकोशाच्या, तर दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाते. साल घरी उकळून काढा घेणे हा त्यावरील पर्याय नव्हे. ते जिवावर बेतू शकते.

या गुणांचीच किंमत वृक्षाला मोजावी लागली. औषधी कच्च्या मालाच्या मागणीमुळे सह्याद्रीत नरक्याची बेकायदा तोड व तस्करी होत आली आहे. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान व कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असल्याने तेथील वृक्षांना कायद्याचे संरक्षण आहे. त्याबाहेरील जंगलांत मात्र बियांपासून रोपनिर्मिती व नियोजित लागवड हाच टिकाऊ मार्ग आहे. औषध हवे असेल, तर आधी वृक्ष उरला पाहिजे.