कानाची परीक्षा

परकी भाषा किती वाचता येते, हे पुस्तक उघडताच कळते. ती किती ऐकता व बोलता येते, हे मात्र पुष्कळदा फार उशिरा कळते. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड-लातूरच्या मुलखात, हा उशीर एका संपूर्ण पिढीच्या वाट्याला एकदम आला. त्याचा वृत्तान्त ऐकण्याजोगा आहे.

1948 पूर्वीचा निजामी राज्यातील विद्यार्थी श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या घरी मराठी, वरच्या शाळेत उर्दू. उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान 1917 साली निघाले, 1919 साली वर्ग भरू लागले, आणि उच्च शिक्षण उर्दूतून द्यावयाचे हे धोरण पक्के झाले. पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच उघडले गेले. इंग्रजी सक्तीची राहिली खरी, परंतु एक विषय म्हणूनच. नांदेडचा मुलगा इंग्रजी वाक्याचा अर्थ वर्गात उर्दूतून सांगे आणि मनात मराठीतून समजून घेई. मुंबई इलाख्यातील मुलाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला निदान थेट मराठीतून इंग्रजीत नेऊन सोडी. इकडे वाटेत आणखी एक मुक्काम होता. तथापि दोन्हीकडे काम डोळ्यांचे आणि लेखणीचेच. कानावर इंग्रजी पडावयाची ती गुरुजींच्या तोंडची, आणि गुरुजींनीही ती बहुधा पुस्तकातूनच उचललेली.

उर्दूच्या या मुक्कामाने एक उपकारही केला, तो सांगितलाच पाहिजे. मराठी ‘फ’ हा महाप्राण. ओठ मिटून सुटतो. इंग्रजीतील त्या जागेचा वर्ण वरचे दात खालच्या ओठाला लावून घासत काढावयाचा असतो. ‘जहाज’ आणि ‘जग’ यांतील ‘ज’चा भेद मराठी माणसास ठाऊक आहे, पण इंग्रजीत ‘झू’ म्हणताना लागणारा घर्षक वर्ण त्या दोहोंहून निराळा. हे दोन्ही वर्ण उर्दूत आहेत. तेव्हा उर्दू शाळेत नीट घासूनपुसून निघालेल्या मुलाची जीभ या बाबतीत पुण्याच्या मुलापेक्षा अधिक तयार असणे शक्य होते. त्याची त्याला कल्पना मात्र नसे. कारण असे काही मोजावयाचे असते, हेच कोणी सांगितलेले नव्हते.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानातील निजामी सत्ता संपली. पुढे उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजी माध्यम धरले. 1950 साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील नांदेड एज्युकेशन सोसायटीने पीपल्स कॉलेज काढले. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली औरंगाबादेस स्थापन होईपर्यंत या भागातील महाविद्यालयांचा संबंध हैदराबादशीच होता. म्हणजे ज्या मुलाने इतिहास-गणित उर्दूतून शिकले, त्याला आता व्याख्यान इंग्रजीतून ऐकावयाचे होते. छापील इंग्रजी त्याला येत होती. प्रश्नाचे उत्तरही तो लिहू शकत होता. व्याख्यान मात्र थांबत नाही, आणि मागे उलटून पाहावे असे त्याला पानही नसते. आपल्याला इंग्रजी येते की नाही, हा प्रश्न अशा मुलाला परीक्षकाने विचारण्यापूर्वी त्याच्याच कानाने विचारला.

यात बुद्धीचा दोष मुळीच नव्हता. मराठीत लिहिलेले प्रत्येक अक्षर साधारणतः सारख्या तोलाने उच्चारले जाते. इंग्रजीत एका अवयवावर भार पडतो आणि बाकीचे गिळले जातात. ‘कम्फर्टेबल’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘कम्फ्टबल’ ऐकतो तेव्हा तो शब्द त्याला नवाच वाटतो, जरी त्याचा अर्थ तो चार वर्षांपूर्वी शिकलेला असतो. उच्चार चुकीचा साठवला की ऐकणेही चुकते. बोलणे आणि ऐकणे ही एकाच नाण्याची नव्हे, एकाच जात्याची दोन पाळी आहेत.

यावर उपाय पुष्कळ झाले. बीबीसीने 1943 पासून रेडिओवरून इंग्रजीचे पाठ दिले. 1958 साली हैदराबादेत इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. 2000 साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. मोजण्याचा प्रश्न तरीही उरलाच. युरोपीय परिषदेने 2001 साली सहा पायऱ्यांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात ऐकणे, वाचणे, संभाषण, सलग बोलणे व लेखन यांना वेगवेगळे रकाने असून, प्रत्येक वाक्य ‘मला अमुक करता येते’ अशा धाटणीचे आहे. वाचनात वरच्या पायरीवर असलेला मनुष्य ऐकण्यात दोन पायऱ्या खाली असू शकतो, ही गोष्ट त्याने कागदावर मान्य केली. नांदेडच्या त्या पिढीला ती अनुभवाने कळली होती.

आपल्याकडे तोंडी गुणांचे काय झाले, हेही मनोरंजक आहे. तोंडी परीक्षेचे गुण शाळाच देते व सढळ हाताने देते, या आक्षेपामुळे दहावीच्या भाषाविषयांतील ते गुण 2019 च्या परीक्षेपुरते काढले गेले. राज्याचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता, तो 77.10 टक्क्यांवर आला. लगेच पुढील वर्षासाठी गुण परत आणले गेले. लातूर विभागीय मंडळाच्या क्षेत्रात, म्हणजे लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांत, हा चढउतार घरोघर चर्चिला गेला असेल. जेथे अर्ध्या गुणासाठी रात्री जागवल्या जातात, तेथे वीस गुण ही लहान रक्कम नव्हे. मुलाला बोलता येते काय, हे त्या सगळ्या गलबल्यात कोणी विचारले असेल, तर थोड्यांनीच.

ते विचारणे अवघड नाही. पाच मिनिटांचे इंग्रजी बातमीपत्र एकदाच ऐकावे आणि कळले तेवढे मराठीत लिहून ठेवावे. मग मजकुराशी ताडून पाहावे. सुटलेले शब्द अनोळखी होते, की ओळखीचे असून कानाला पटले नाहीत, याची दोन वेगळी टिपणे करावीत. पहिल्याला कोश पुरतो. दुसऱ्याला कोश पुरत नाही, तेथे पुन्हा ऐकावे लागते. बोलण्यासाठी दोन मिनिटे न थांबता बोलून ते ध्वनिमुद्रित करावे. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, म्हणून बहुतेक लोक तेथेच यंत्र बंद करतात. दुसऱ्या दिवशी ऐकल्यास तो परक्याचा वाटतो, आणि तेव्हा कुठे चुका मोजता येतात.