अजिंठ्याच्या प्रती : कुंचल्यापासून आभासी वास्तवापर्यंत

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपले नाव कोरून ठेवले. लेण्यांच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ असा एका ओरखड्याने झाला. आपण पाहिले ते इतरांसही दाखवावे, ही ओढ पुढे अनेकांना लागली. परंतु तिची किंमत कधी प्रतींनी, तर कधी मूळ चित्रांनीच मोजली.

रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथे राहून मोठमोठ्या तैलप्रती केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून प्रती करविल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. शिवाय चित्रे उजळ दिसावीत म्हणून मुळावर फासलेले व्हार्निश कालांतराने काळवंडले. १८९६-९७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडांवर नाव ग्रिफिथ्स यांचे आले. भिंतीसमोर बसून रेषा उतरविणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखे थोडेच लोकांच्या स्मरणात उरले.

अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. म्हणजे हैदराबादेतील आपल्या मराठी घराण्यांच्या दृष्टीने तो स्वराज्यातीलच ठेवा. १९१४ साली स्थापन झालेल्या संस्थानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह चार खंड सिद्ध केले. ज्यांना लेण्यांपर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांच्यासाठी ते खंड हेच लेणे होते.

आज ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ अर्थात आभासी वास्तव हे त्याच वाटेवरचे पुढले पाऊल आहे. असंख्य छायाचित्रे आणि लेसर किरणांनी घेतलेली मापे यांतून लेण्याची त्रिमिती आकृती संगणकात उभी राहते. डोळ्यांवर उपकरण चढवून मान वळविली की पद्मपाणी समोर येतो. भिंतीला हात लागत नाही, श्वासाचा दमटपणा पोहोचत नाही. फ्रान्समधील लास्को गुहा १९६३ साली बंद करावी लागली ती प्रेक्षकांच्या गर्दीने चित्रांची हानी होऊ लागल्यामुळेच. पायऱ्या चढू न शकणारे वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक यांना तर हे दारच नव्याने उघडते.

मात्र केवळ दाखविणे म्हणजे सहभागी करून घेणे नव्हे. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातक पाहताना श्रद्धाळू बौद्ध उपासकाला काय जाणवते, पायथ्याच्या गावकऱ्याच्या घरी कोणती आठवण आहे, निजामी काळात तेथे गेलेल्या आजोबांनी काय सांगितले, हे आवाज त्या आभासी दालनात नसतील, तर ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांवर झालेला अन्याय नव्या साधनाने पुन्हा घडेल. दृष्टिहीनांना तर लेणे उलगडेल ते अशा आवाजांतूनच.

स्मिथने दगडावर नाव कोरले. आपल्या पिढीला दगडाला न दुखविता तेथे आपला आवाज ठेवता येईल. त्यासाठी घरातील जुनी छायाचित्रे, प्रवासाची टिपणे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी मात्र आजच जपून ठेवावयास हव्यात.