तहानेचा इतिहास: माठ, मीठ आणि मोकळा वेळ

उन्हाळ्यातली पेये म्हटली की चैत्रातले हळदीकुंकू आठवते. कैरीचे पन्हे, वाटली डाळ, वाळा घातलेले माठातले पाणी. कोकणात कोकमाचे सरबत, देशावर ताक, आणि गरिबाघरी नाचणीची नाहीतर ज्वारीची आंबील. ही विद्या आमच्या आयाबहिणींची, आणि ती फार जुनी आहे. परंतु पन्ह्याचा पेला ज्याच्या हाती येतो तो बहुधा सावलीत बसलेला असतो. जो उन्हात किंवा यंत्रापुढे राबतो त्याच्या तहानेची हकीकत निराळी आहे. ती सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही शाळेत थोडे शिकलो आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ. तेव्हा विद्वानांनी ही मांडणी एका चळवळ्याची म्हणून ऐकावी.

मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले ते 1860 साली. म्हणजे गिरणी आणि नळ ही एकाच पिढीची भावंडे. पण नळ शहरात आला म्हणून कामगाराच्या ओठापर्यंत पाणी आले असे नव्हे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणाईखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवीत. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग थंड होत नाही. सुताची सोय ती माणसाची गैरसोय! 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवार 1890 साली मिळाला. अर्धा तास म्हणजे काय, हे ज्याने उभ्या उभ्या भाकर गिळली आहे त्यालाच कळेल. भाकर आणि पाणी दोन्ही त्यातच बसवावयाचे होते.

आता माठाविषयी. गिरणीत सर्व जातींची माणसे एका छपराखाली आली, तरी अस्पृश्य मानलेल्या कामगारांची पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी असे. विणाईखात्यात तर त्यांना प्रवेशच नव्हता, आणि त्याचे कारण ओठाशीच जोडलेले होते. धोट्याच्या भोकातून सूत ओढताना विणकर ते तोंडाने ओढीत असे. त्या उष्ट्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावू नये, हा विटाळ. विणाईखात्यात मजुरी अधिक होती, हे लक्षात ठेवले म्हणजे विटाळाची किंमत किती हे समजते. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याचा प्रश्न लावून धरला. आमच्या चळवळीच्या पुष्कळ पुढाऱ्यांनी तो तितक्या जोराने धरला नाही, हे आमच्या चळवळीतल्या माणसानेच सांगितलेले बरे.

त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडची परिषद भरली होती. तिथे जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चवदार तळे जवळच भरलेले होते. 20 मार्च 1927 रोजी लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद 1868 सालीच मोकळा केला होता. तरीसुद्धा स्वराज्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1972 च्या सुमारास, हमालांचे पुढारी बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावे लागले. पाठीवर पोते वाहणाऱ्यांच्या संघटनेचा माणूस पाणवठ्याकडे वळला, यात आम्हांला काही नवल वाटत नाही.

मिठाची गोष्ट विलायतेतली आहे, पण आपल्या उपयोगाची. इंग्लंडातल्या खोल आणि गरम कोळशाच्या खाणींत कामगारांना पोटात व पायात भयंकर पेटके येत. के. नेव्हिल मॉस यांनी 1923 साली त्याचे कारण दाखविले: घामावाटे मीठ जाते, आणि माणूस वर नुसते साधे पाणी पितो. पाण्यात थोडे मीठ घालताच पेटके थांबले. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरण बांधताना 1931 च्या उन्हाळ्यात माणसे उष्म्याने मेली. ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला, त्यांच्या मागण्यांत बर्फाचे थंड पाणी ही एक होती. संप फसला.

पुढे 1971 साली, बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले. साखर बरोबर असली म्हणजे आतडे मीठ व पाणी लवकर ओढून घेते, हे त्यामागचे शास्त्र. आमच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही पडतात. म्हणून आजीला सारे शास्त्र ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. तिचे माप चवीचे होते. जुलाबाच्या रोग्याला पन्हे नव्हे, मापाचेच पाणी द्यावे: एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. राबणाऱ्या धडधाकट माणसाला मात्र पातळ ताक आणि पन्हे उत्तमच. पन्ह्यात गूळ बेताने घालावा. रक्तदाब असेल त्याने मिठाचे डॉक्टरांना विचारावे. आणि उष्माघाताने शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये. अंग पाण्याने भिजवून, वारा घालून, तडक दवाखान्यात न्यावे.

दारूने तहान भागते हा समज पगाराच्या दिवशी फार महाग पडतो. ती लघवीवाटे पाणी उलट बाहेर काढते. चहाला मात्र आम्ही दोष देत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहावाल्यांनी गिरण्यांत आणि खाणींत दुकाने थाटली ती आपला माल खपावा म्हणून. पण त्या निमित्ताने कामगाराला पाच मिनिटे मिळाली.

कायदा 1948 साली आला. कारखाना कायद्याच्या 18 व्या कलमाने पिण्याचे पाणी सक्तीचे केले. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते गार करून देण्याची, आणि पाण्याची जागा संडास-मुतारीपासून वीस फूट दूर ठेवण्याची अट घातली. चांगले कलम होते. पण बांधकामावरच्या बाया आम्हांला सांगतात की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वीस फुटांवर काय, दोनशे फुटांवरही आडोसा नसतो. उक्त्या कामावरचा गडी पीत नाही, कारण माठापर्यंत जाण्यायेण्यात विटा कमी लागतात. माठ भरलेला असून तहान उरते ती अशी.

म्हणून आम्ही हिशेब असा मांडतो. उन्हात कष्टाचे काम असेल तर दर वीस मिनिटांनी माणशी पाव लिटर पाणी पोटात जावयास हवे. चाळीस माणसांची टोळी म्हणजे तासाला तीस लिटर, आठ तासांना दोनशे चाळीस. ते कोणीतरी आणावे, गाळावे, सावलीत ठेवावे आणि टोळीपर्यंत नेऊन द्यावे लागते. ठेकेदाराशी बोलणी करताना आम्ही संडास आणि पाणी एकाच कलमात लिहून मागतो, आणि पाणी वाटणाऱ्या बाईची पूर्ण हजेरी त्याखालच्या ओळीत.