गणनेच्या यादीतल्या पाच मुली

मंडळी, हिब्रू बायबल वाचायला घेतलेला माणूस सहसा कुठे अडतो? उत्पत्तीच्या गोष्टी तो आवडीनं वाचतो, मिसर देशातून सुटका होईपर्यंत रमतो. मग येतात निवासमंडपाची मापं, बळींचे नियम, आणि पुढे ‘गणना’ या पुस्तकात कुळांच्या याद्या. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. इथे पुस्तक मिटतं.

आपल्याला याचं नवल वाटू नये. भागवताच्या नवव्या स्कंधातल्या सूर्यवंश-चंद्रवंशाच्या नामावळ्या तरी कितीजण सलग वाचतात? कृष्णजन्म दहाव्यात, म्हणून आपण थेट तिकडे जातो.

वाचकाला असं वगळता येतं, पण दोघांना येत नाही. एक, सिनेगॉगमध्ये वाचणारा. आपल्या रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे. ज्यू परंपरेत तोराची पाच पुस्तकं दर आठवड्याला एक भाग अशी वर्षात वाचून पुरी करतात, याद्यांसकट. दुसरा, भाषांतरकार. इथे आपल्याला केडगावला जावं लागतं.

पंडिता रमाबाई पुराणिकाच्या घरात वाढल्या. गावोगाव पुराणं सांगत फिरणारं ते कुटुंब. वंशावळी त्यांना लहानपणापासून ओळखीच्या. पुढे १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं, आणि तिथेच अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सदनाचा स्वतःचा छापखाना होता, तिथल्या मुली-बायका खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. भाषांतर त्याच्या थोडं आधी पुरं झालं होतं. सबंध बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

हे काम कसलं होतं, ते एका उदाहरणावरून कळेल. ‘लेवीय’च्या अकराव्या अध्यायात खाण्यास निषिद्ध पक्ष्यांची यादी आहे. त्यातले काही हिब्रू शब्द नेमक्या कोणत्या पक्ष्यांचे, यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही. पण मराठीत काहीतरी लिहावंच लागतं! जागा कोरी सोडता येत नाही.

आता ‘गणने’चा सव्विसावा अध्याय पाहू. ही खानेसुमारी आहे: वीस वर्षांवरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष, बेरीज ६,०१,७३०. अध्याय सगळा बापांचा आणि मुलग्यांचा. मध्येच एक ओळ येते: सलाफहादाला मुलगे नव्हते, मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पाचही नावं दिली आहेत. पुढच्याच अध्यायात या पाचजणी मोशेसमोर उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? आम्हाला वतन द्या. निकाल त्यांच्या बाजूनं लागतो. पुस्तकाच्या शेवटी मात्र अट येते, लग्न आपल्याच वंशात करायचं.

रमाबाईंनी या ओळींवर काय विचार केला, हे आम्ही त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळाला २००५ मध्ये. या पाचजणींचा प्रश्न आपल्या घरांतही होताच. तो ज्या यादीतून सुरू होतो, ती यादी केडगावच्या बायकांनी मराठीत एकेक खिळा लावून छापली. कंटाळवाणी पानं गाळावीत की नाहीत, हे ठरवताना आम्हाला ही गोष्ट आठवते.